छापून आल्यावर आकाश जांभळं का होतं?

प्रश्न : नमस्कार, आमच्या मंडळाची स्मरणिका यंदा मीच इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली. कव्हरवर गर्द निळं आकाश आणि भगवा झेंडा, स्क्रीनवर एकदम भारी दिसत होतं. छापून आलं तर आकाश जांभळट आणि भगवा पार विटलेला! वर आतल्या पानांवरची बारीक अक्षरं डबल दिसतायत. प्रेसवाले म्हणतात फाइल आरजीबी होती, मी म्हणतो मशीनचा दोष. कोण बरोबर? – एक वाचक, सातारा

उत्तर : प्रेसवाल्यांचंच बरंचसं बरोबर आहे हो, पण फाइल घेतानाच त्यांनी हे सांगायला हवं होतं, तेवढा दोष त्यांच्याकडे.

स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या उजेडाने रंग दाखवते (हेच आरजीबी) आणि छपाई सायन म्हणजे आकाशी, मजेंटा म्हणजे गुलाबी, यलो आणि ब्लॅक या चार शाईंनी (हेच सीएमवायके), त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा केशरी या चार शाईंतून निघतच नाही, मग सॉफ्टवेअर त्यातल्या त्यात जवळचा रंग शोधतं. अगदी शुद्ध आरजीबी निळा घ्या आणि इनडिझाइन-फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीच्या डीफॉल्ट सेटिंगने सीएमवायके करून बघा, साधारण सायन ८८ टक्के, मजेंटा ७७ टक्के येतो. एवढा मजेंटा पडला की कागदावर जांभळंच दिसणार, त्यात मशीनवर मजेंटा जरा जास्त सुटला तर बघायलाच नको. आकाशाचा मजेंटा ५०-६० पर्यंत खाली आणा, सायन १०० करा, फरक लगेच कळेल. भगव्याला मजेंटा ६० यलो १०० पासून सुरुवात करा आणि सायन शून्य, सायन थोडा जरी शिरला तरी केशरी मळतो. स्क्रीनवरच्या भगव्याइतका तो तरीही पेटणार नाही, तेवढाच हवा असेल तर स्पॉट कलर, म्हणजे त्याच रंगाची तयार वेगळी शाई, तिच्यासाठी छपाईची पाचवी प्लेट आणि वरचा खर्च.

आता प्रोफाइल. ही छोटी फाइल सांगते की अमुक कागदावर अमुक छपाईत शाई कशी दिसते. अडोबीत डीफॉल्ट बहुतेक यूएस वेब कोटेड स्वॉप असतं, ते अमेरिकेतल्या रोल मशीनवरच्या मासिकांसाठी बनवलेलं, आपल्या सुट्या कागदांवर छापणाऱ्या शीटफेड ऑफसेटचा त्याच्याशी संबंध काय? प्रेसला आधी फोन करून विचारा, कोणतं प्रोफाइल लावू. ठाम उत्तर नाही आलं तर लेप दिलेल्या आर्टपेपरला कोटेड फोग्रा३९ हे प्रोफाइल घ्या, बिनलेपाच्या साध्या मॅपलिथो कागदाला अनकोटेडवालं. मॅपलिथो शाई पितो, म्हणून कव्हर आणि आतल्या पानांना एकच प्रोफाइल ठोकू नका.

एक्सपोर्टमध्ये पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार घेतला की सगळं सीएमवायके किंवा स्पॉटमध्येच जातं, आरजीबी उरत नाही. जुन्या पद्धतीच्या प्रेसला हेच बरं. एक्स-४ मध्ये आरजीबी फोटो प्रोफाइलसकट राहू शकतात, ते प्रेसकडे नीट हाताळता येत असेल तरच द्या. आउटपुट टॅबमध्ये कन्व्हर्ट टू डेस्टिनेशनच्या पुढे प्रिझर्व्ह नंबर्स लिहिलेला पर्याय निवडा, नाहीतर तुम्ही हाताने लावलेले सीएमवायके आकडे परत बदलू शकतात. आणि फोटोशॉपमध्ये असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल यात गल्लत नको, असाइनने आकडे तेच राहून दिसणं बदलतं, कन्व्हर्टने दिसणं शक्य तितकं तेच ठेवून आकडे बदलतात. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच उगम पावतात!

डबल अक्षरांचं कारण बहुतेक वर्ड. तिथून आणलेल्या मजकुराबरोबर Word_R0_G0_B0 नावाचा एक स्वॉच, म्हणजे साठवलेला रंग, चिकटून येतो, हा आरजीबी काळा सीएमवायके होताना चारही प्लेटवर फुटतो, मग रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसणं, केसभर हललं की अक्षराला रंगीत कडा येते. तो स्वॉच डिलीट करा, विचारल्यावर त्याच्या जागी इनडिझाइनचा ब्लॅक द्या. मग अॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडून ब्लॅकची टिक काढा, मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे, पुसट जरी दिसला तरी कुठेतरी तो आरजीबी राहिलाय. तिथेच टोटल एरिया कव्हरेज, म्हणजे एका जागी पडणाऱ्या चारही शाईंची बेरीज, तीही बघा, फोग्रा३९ ला ३३० टक्के ही वरची मर्यादा, आमच्या मते ३०० च्या आतच ठेवावं, नाहीतर शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यात पानामागे डाग उठतात.

पुढच्या वेळी निदान कव्हरचं तरी त्याच कागदावर प्रूफ मागा आणि ते उन्हात नेऊन बघा, प्रेसच्या ट्यूबलाइटखाली नको.