सात रूट कॅनॉल, तीन इम्प्लांट आणि नसलेला मेडिक्लेम

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. लांब आहे, म्हणून कामापुरतं देतो.

"वय 61. मागच्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त झालो. पत्नी 57, गृहिणी. घर स्वतःचं, कर्ज नाही. पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत 15 लाख, बँकेत एफडी 16 लाख, म्युच्युअल फंडात 5 लाख. पेन्शन महिना 3,100. घरखर्च 30 हजार. सोसायटीत मोफत दंततपासणी शिबिर होतं. खालच्या उजव्या दाढेत गार पाण्याने कळ येते म्हणून गेलो. त्यांनी क्लिनिकला बोलावलं, कॅमेऱ्याने सगळे दात टीव्हीवर दाखवले. एस्टिमेट 4 लाख 65 हजार. महिनाअखेर रोख भरले तर 50 हजार सूट, नाहीतर 18 महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय. एफडी मोडू की ईएमआय घेऊ? बँकेतल्या मॅडमनी 11 महिन्यांपूर्वी पॉलिसी करून दिली आहे, वर्षाला 2 लाख, टॅक्सही वाचतो आणि त्यात मेडिकलही आहे असं म्हणाल्या होत्या. त्यातून दातांचे पैसे मिळतील का? कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. फंडातले 5 लाख तीन वर्षांत दुप्पट होतील, त्यातून ईएमआय भागेल असा विचार आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, महिना 10 हजार पाठवतो म्हणतो, पण आम्ही घेत नाही."

एफडी की ईएमआय? या महिन्यात दोन्ही नको. तुमचे दात थांबू शकतात. पत्रातल्या बाकीच्या दोन गोष्टी, पॉलिसीचा पुढचा हप्ता आणि नसलेला मेडिक्लेम, थांबू शकत नाहीत, पण त्याविषयी तुम्ही विचारलेलंच नाही.

आधी एक तातडीची बाब. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं आहे की क्लिनिकमधल्या मुलीने पॅन आणि आधार घेतलं आणि "फक्त एलिजिबिलिटी बघते" म्हणून ओटीपी विचारला. एलिजिबिलिटी बघायच्या नावाखाली कर्ज मंजूर होऊन पैसे थेट क्लिनिकच्या खात्यात गेल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. म्हणून त्याच दिवशी तुम्हाला ईमेलने कळवलं: कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव शोधा आणि कर्ज नको असल्याचं लेखी कळवा. डिजिटल कर्जात दंड न भरता माघार घेण्याची मुदत द्यावीच लागते, पण ती अगदी एका दिवसाचीही असू शकते. पैसे एकदा क्लिनिककडे गेले की उपचार अर्धवट राहोत, डॉक्टर बदलोत नाहीतर क्लिनिकला कुलूप लागो, हप्ता तुमच्याच खात्यातून जातो.

आता हा नो कॉस्ट ईएमआय बघा. रोख दिले तर 4 लाख 15 हजार, हप्त्याने दिले तर 4 लाख 65 हजार. हे मधले 50 हजार म्हणजेच व्याज. त्यावर फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात 2 टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी, म्हणजे आणखी 11 हजार. सगळं धरून व्याजदर 18 टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. कोणत्याही कर्जाआधी की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. तो मागितला की काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बघत राहा.

एस्टिमेटकडे येऊ. दात तपासणं हे माझं काम नाही, मी कागद तपासतो. आणि हा कागद मला आवडलेला नाही. एका दाढेची कळ घेऊन गेलात आणि 7 रूट कॅनॉल घेऊन आलात, प्रत्येकी 9 हजार. त्या सातही दातांवर झिर्कोनियाची कॅप, प्रत्येकी 15 हजार. तीन इम्प्लांट, म्हणजे जबड्यात स्क्रू रोवून बसवलेले नकली दात, 55 हजारांना एक. न दुखणाऱ्या दोन अकलदाढा काढायचे 18 हजार. हिरड्यांना लेसर 18 हजार. आणि पुढच्या सहा दातांना "स्माइल डिझाइन", 96 हजार, कारण मुलाच्या लग्नाचे फोटो चांगले आले पाहिजेत! यालाच आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात. मोफत तपासणी हा आवळा.

टीव्हीवर दिसलेल्या काळ्या रेघांनी घाबरू नका. तो कॅमेरा दाढेच्या खाचेतला चहाचा डागही विहिरीएवढा दाखवतो. कीड वरच्या आवरणापुरतीच असेल, खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराइड आणि नीट घासणं यांवर ती थांबू शकते. रूट कॅनॉल लागतं ते आतली नस बिघडल्यावर, आणि ते कळतं एक्स-रेवरून, थंड लावून आणि ठोकून पाहिल्यावर. तुमच्या सातपैकी किती दातांचे एक्स-रे काढले? तुम्ही जोडलेल्या कागदांत एकाच दाढेचा आहे, दुखणाऱ्या. बाकी सहा दातांचं निदान टीव्हीवर झालेलं दिसतं.

त्याहून खटकलेली गोष्ट म्हणजे, सहा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या जबड्यात तीन स्क्रू बसवायला निघालेल्या क्लिनिकने एचबीए1सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट मागितलेला नाही. शुगर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाचा आणि इम्प्लांट न धरण्याचा धोका वाढतो. हिरड्या आणि शुगर एकमेकींना बिघडवतात, म्हणून साधं स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, मात्र टाळू नका. ते खरंच गरजेचं आहे आणि हजार-दीड हजारात होतं. जिथे इम्प्लांट सांगितलेत ते दात आठ वर्षांपासून नाहीत आणि जेवताना अडत नाही असं तुम्हीच लिहिलं आहे. मग या महिनाअखेरीची घाई कोणाला आहे?

सगळे दंतवैद्य असे नसतात. "हा दात सहा महिने बघू या" म्हणणारे भरपूर आहेत, पण ते सोसायटीत मंडप घालत नाहीत. शिवाय प्रामाणिक दंतवैद्यांमध्येही मतभेद असतात. 1997 साली अमेरिकेत एक पत्रकार तेच तोंड घेऊन 50 दंतवैद्यांकडे गेला, तर खर्चाचे अंदाज 500 डॉलरच्या आतून सुरू होऊन जवळजवळ 30 हजार डॉलरपर्यंत गेले. एका एस्टिमेटवर सही करायची नाही, एवढं त्यातून घ्या. पंचवटीत दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढा, दुखणारी दाढ दाखवा आणि आधीचं एस्टिमेट खिशातच ठेवा. विद्यार्थी तपासतील, वेळ लागेल, दोन खेपा होतील. पण तिथल्या शिकवणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या इम्प्लांटवर टार्गेट नसतं. प्रत्येक दाताचा नंबर, त्याचं कारण आणि "सहा महिने काही केलं नाही तर काय होईल" हे लिहून घ्या. एका दाढेचं रूट कॅनॉल, मेटल सिरॅमिकची कॅप आणि स्केलिंग बाहेरच्या चांगल्या दवाखान्यातही साधारण 15 ते 20 हजारांत व्हायला हवं. तेवढं एफडीच्या व्याजातून निघेल.

दात इथे संपले. आता तुमच्या पैशांना लागलेली कीड.

त्या पॉलिसीत मेडिकल नाही. तुम्ही पाठवलेली सगळी पानं वाचली. ती साधी एंडोमेंट पॉलिसी आहे: 7 वर्षं 2-2 लाख भरायचे आणि 15 वर्षांनी, तुमच्या 76व्या वर्षी, 24 लाख मिळणार. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. मॅडमनी "मेडिकल" म्हटलं ते बहुधा क्रिटिकल इलनेस रायडरबद्दल, म्हणजे गंभीर आजारासाठी जादा पैसे भरून घ्यायच्या जोडकलमाबद्दल, आणि तोही तुमच्या पॉलिसीत जोडलेला नाही. दातांचे पैसे तर साध्या मेडिक्लेममध्येही अपघात वगळता सहसा मिळत नाहीत.

आणि टॅक्स? तुमचं वर्षाचं उत्पन्न मोजू. पोस्टाचं व्याज 8.2 टक्क्यांनी 1 लाख 23 हजार, एफडीचं 7 टक्क्यांनी 1 लाख 12 हजार, पेन्शन 37 हजार. बेरीज 2 लाख 72 हजार. यावर जुन्या किंवा नव्या, कुठल्याच करपद्धतीत टॅक्स बसत नाही. जो टॅक्स तुम्हाला लागतच नाही तो वाचवण्यासाठी तुम्ही 14 लाखांचा शब्द देऊन बसला आहात.

घरखर्च वर्षाला 3 लाख 60 हजार, म्हणजे आजच 88 हजारांची तूट. त्यात पॉलिसीचे 2 लाख आणि दातांचे हप्ते 3 लाख 10 हजार घाला. 2 लाख 72 हजार कमावणारा माणूस वर्षाला 8 लाख 70 हजार खर्च करायला निघाला आहे. फंडातले 5 लाख तीन वर्षांत दुप्पट होतील या आशेवर ईएमआय सोडायचा, तर दुप्पट व्हायला किती दर लागतो याचं ढोबळ गणित करा, 72 ला 3 ने भागून बघा. वर्षाला 24 टक्के परतावा लागेल. एखाद्या वर्षी मिळतो. ओळीने तीन वर्षं मिळेल असं धरून हप्ता ठरवणाऱ्याला मी काय सांगू? शिवाय ईएमआय 18 महिन्यांतच संपतो, तीन वर्षं तो थांबणार नाही.

पॉलिसीचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. भरू नका. गेलेले 2 लाख पूर्ण विसरून, पुढे भरायच्या 12 लाखांचाच हिशेब केला तरी परतावा जेमतेम 6 टक्के येतो. पोस्ट 8.2 देतंय, आणि वर्षभरानंतर गरज पडली तर किरकोळ कपात करून पैसे परतही देतं. बँकेत ऑटो डेबिटचा मँडेट असेल, तो आधी बंद करा, नाहीतर तुम्ही विचार करत असताना पैसे गेलेले असतील. सध्याच्या नियमांप्रमाणे एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. आकडा कंपनीकडून लेखी मागा. मन घट्ट करून तो बघा.

त्याआधी तक्रार करा. ती गुळमुळीत नको. तुमच्याकडे एक उत्तम पुरावा आहे, तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. प्रपोजल फॉर्मच्या दुसऱ्या पानावर तुमचा व्यवसाय "नोकरी" आणि वार्षिक उत्पन्न "10 लाख" लिहिलं आहे. अक्षर तुमचं नाही. त्या तारखेला तुम्ही निवृत्त होऊन तीन महिने झाले होते आणि तुमची पेन्शन त्याच बँकेत जमा होत होती! "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा" असं मॅडमनी सांगितल्याचं तुम्ही लिहिता. तेही तक्रारीत घाला. बँक आणि विमा कंपनी दोघांना लिहा, विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. नाशिक त्यांच्याकडे येतं, फी नाही, वकील लागत नाही. सगळे पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण हा फॉर्म घेऊन मी तरी गेलो असतो.

आणि आता सगळ्यात मोठं भोक. वय 61, मधुमेह, पत्नी 57, आणि मेडिक्लेम शून्य. चौदा महिने. निवृत्त होताना कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुनी वर्षं धरली जातात. एचआरने तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. ती दारं बंद झाली. एक अँजिओप्लास्टी म्हणजे दोन-तीन लाख, आयसीयूचे दहा दिवस त्याहून जास्त. तुमची पुंजी 36 लाख. दोन मोठी आजारपणं आली की ती 25 वर खाली येते आणि व्याज त्याच प्रमाणात घटतं.

म्हणून याच महिन्यात दोघांसाठी 5 लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर 15-20 लाखांचं सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ 5 लाख संपल्यावर पुढचा खर्च देणारी पॉलिसी, घ्या. शुगरमुळे लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लागेल. सगळं मिळून वर्षाला 60 हजार धरा. व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये शून्य झाला, तेवढाच दिलासा. शुगर आणि गोळीचं नाव फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल. लपवलंत तर क्लेमच्या दिवशी कंपनी तेच पान उघडेल. मधल्या काळासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड काढून ठेवा. ती आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. ठरावीक रुग्णालयं, ठरावीक उपचार, पण 5 लाखांपर्यंत. सत्तरी पार केलेल्यांसाठीची आयुष्मान योजना तुम्हाला अजून नऊ वर्षं लांब आहे.

पैसे कुठून? एफडीतले 12 लाख मुदत संपेल तसे सीनियर सिटिझन योजनेत हलवा, तिची मर्यादा 30 लाख आहे. 4 लाख हाताशी ठेवा. दात कोरून पोट भरत नाही हे खरं, पण यातून वर्षाला 14 हजार जास्त येतात. एकूण उत्पन्न 2 लाख 87 हजार होईल. खर्च मेडिक्लेम धरून 4 लाख 20 हजार. तूट 1 लाख 33 हजार.

आणि मुलगा 10 हजार देतोय, ते घ्या. वर्षाचे 1 लाख 20 हजार झाले, तूट जवळजवळ भरली. उरलेले 13 हजार फंडातून काढा. त्याच 1 लाख 20 हजारांतला मेडिक्लेमचा हप्ता त्यालाच त्याच्या खात्यातून भरायला सांगा. तो जुन्या करपद्धतीत असेल तर त्याला आई-वडिलांच्या मेडिक्लेमसाठी 50 हजारांपर्यंत वजावट मिळेल. तुमच्या खात्यातून भरलात तर तुम्हाला टॅक्सच नाही, मग वजावट कशातून घेणार?