१.०२० वर अडकलेली बिअर आणि मुदत संपलेलं किट: बाटल्या भरायची घाई करू नका

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं उफाळून आलं. दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं घरी बिअर बनवायचं किट (म्हणजे माल्टच्या, मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, पाकाचा डबा), त्याच्या झाकणाखालचंच यीस्ट (साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी), उशिरा आणि रडतखडत सुरू झालेला फेस, आता हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी; साध्या पाण्यात १.०००, साखर आंबत जाईल तसा आकडा उतरतो) १.०२० वर ठाण मांडून, आणि विक्रेता म्हणतोय की सोबतच्या सूचनांच्या पानावर लिहिल्याप्रमाणे सातव्या दिवशी बाटल्या भरा. शिवाय नमुना म्हणून सहा बाटल्या तुम्ही परवाच भरून ठेवल्यात.

आधी त्या सहा बाटल्यांचं बघा, बाकी उत्तर नंतर वाचा. आत उरलेली साखर आंबत राहिली तर दाबाने त्या फुटू शकतात. डोळ्यांना चष्मा, हातात जाड हातमोजे, बाटलीभोवती टॉवेल, आणि सगळ्या सरळ फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट मंदावतं आणि बाटलीतला दाबही उतरतो. पूर्ण गार झाल्या की एकेक टोपण टॉवेलखाली हळूहळू उचकटा. बिअर गेली तर गेली.

माझा धंदा हा नाही, छंद आहे, आणि घरी बिअर बनवायला तुमच्याकडे परवानगी आहे की नाही ते तुम्ही बघितलंच असेल असं धरून चालतो. साफसफाई, भांडी निर्जंतुक करणं वगैरे प्रवचनही देत नाही.

डब्यावरच्या तारखेला लोक उगाच घाबरतात. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के घन पदार्थ असलेला पाक, त्यात जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. डबा फुगलेला, गंजलेला किंवा गळका असेल तर न उघडता फेकून द्यायचा, यावर चर्चा नाही. डबा धड असेल तर आतला पाक विषारी झालेला नसतो, म्हातारा झालेला असतो. रंग गडद होतो, चव थोडी काकवीकडे झुकते, हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा उतरतो. तेवढं चालवून घेता येतं.

पण रंग गडद होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी सांगत नाही. पाकातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जोडली जातात. ती अमिनो आम्लं म्हणजे यीस्टचं खाणं. म्हणजे जुन्या डब्यात साखर भरपूर, पण यीस्टला अंग धरायला लागणारं नायट्रोजन कमी. त्यात तुम्ही पानावर सांगितलेली किलोभर साधी साखर घातली असेल तर हे प्रमाण आणखी बिघडतं, कारण त्या साखरेत नायट्रोजन अजिबात नसतं. आणि या उपाशी घरात पाठवलं कोण, तर तितकीच वर्षं झाकणाखाली उन्हाळे काढलेलं पाच-सात ग्रॅमचं यीस्ट. पाक उन्हाळा सोसतो. यीस्ट सोसत नाही, दर उन्हाळ्यात त्यातल्या जिवंत पेशी कमी होत जातात. मुदत संपलेल्या किटमध्ये खरी मुदत संपते ती यीस्टची, आणि डब्यावरची तारीख ते सांगत नाही.

यीस्टच्या पाकिटावर वेगळा छापा असतो, तो बघा. काही कंपन्या पाच आकडे छापतात: पहिले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस, पुढचे दोन म्हणजे साल. २५८१८ असेल तर २०१८ सालातला २५८वा दिवस, म्हणजे १५ सप्टेंबर. प्रत्येक कंपनीची पद्धत हीच असेल असं नाही, पण पाकीट कचऱ्यात गेलं नसेल तर शोधून बघाच.

आता माझी कहाणी. मदत कक्ष नावाच्या प्रकाराने माझा पूर्ण घाणा (एका वेळी बनवलेली सगळी बिअर) घालवला, म्हणून सांगतो. कुणाचा मदत कक्ष ते लिहीत नाही, भांडण उकरायचं नाहीये. किट जुनं होतं, हायड्रोमीटर १.०१८ वर थांबलेला. मी आधी लेखी विचारलं: झाकणाखालचं यीस्ट किती दिवस टिकतं, आणि या किटचा शेवटचा आकडा किती यायला हवा? उत्तर आलं की तारीख फक्त चवीसाठी असते, यीस्ट डब्याइतकंच टिकतं, आणि बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार. पुन्हा विचारलं, पण आकडा किती? तर म्हणे, आमच्या किटला हायड्रोमीटर लागत नाही.

हे वाक्य माझ्या अजून डोक्यात बसलंय. हायड्रोमीटर लागत नाही! मधुमेह्याला साखर मोजू नका म्हणून सांगण्यातला प्रकार. बुडबुड्यांवर कसला भरवसा? झाकण जरा सैल असलं की बिअर जोरात आंबत असूनही एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झाकणावरची झडप) गप्प. आणि आंबणं संपलेलं असलं तरी खोली तापली की आत विरलेला वायू बाहेर पडून बुडबुडे सुरू.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे बाटल्या भरल्या. थोड्याच दिवसांत कपाटात फुटाफुटी सुरू झाली. एक फुटली की तिच्या काचांनी शेजारची. लाकडी फळीत काचा रुतल्या होत्या. त्या वेळी कपाटासमोर कुणी नव्हतं, एवढंच नशीब. तक्रार केली तर उत्तर तयारच होतं: तुमची साफसफाई कमी पडली. हे उत्तर खोटं आहे ते कसं ओळखायचं तेही सांगतो, कारण तुम्हालाही हेच ऐकवतील. एखादी बाटली घाण राहिली तर ती एकटी बिघडते. जंतुसंसर्ग सगळ्या घाण्यात असेल तर दाब सहसा आठवड्या-महिन्यांनी चढत जातो. सगळ्या बाटल्या एकाच सुमारास, भरल्यावर लगेच फुटू लागल्या, तर साधारणपणे आंबायची साखर शिल्लक असताना भरल्या गेल्यात असं समजायचं. एवढं सगळं लिहून पाठवलं तर भरपाई म्हणून दुसरं किट आलं. तेही त्याच जुन्या साठ्यातलं.

हिशेब समजून घ्या, मग कुणी काहीही सांगितलं तरी फसणार नाही. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये जवळजवळ एक लिटर वायू. हायड्रोमीटरवर हा फरक सुमारे दोन अंशांचा (एक अंश म्हणजे ०.००१), म्हणजे १.०१२ वरून १.०१०. नेहमीच्या बिअरमध्ये लिटरला अडीच लिटरच्या आसपास वायू असतो, तो प्रायमिंगच्या (बाटली भरताना फेसासाठी घातलेल्या) साखरेतून आणि आधीच विरलेल्या वायूतून येतो. साध्या काचेच्या बाटलीत याहून फार पुढे जायचं नसतं. आता तुमची बिअर १.०२० वर भरली आणि बाटलीत जागी होऊन १.०१० पर्यंत उतरली तर आणखी पाच लिटर वायू, त्याच बाटलीत. काचेकडून कसली अपेक्षा करताय?

म्हणून आता प्रश्न एकच: १.०२० हा तुमच्या बिअरचा खरा शेवट आहे की यीस्टने मध्येच हात टेकलेत? साखर घातलेलं किट एवढ्या वर सहसा थांबत नाही, पण अंदाजावर जाऊ नका.

आधी हायड्रोमीटर तपासा. ज्या तापमानासाठी तो बनवलाय त्या तापमानाच्या साध्या पाण्यात १.००० दाखवतो का बघा. मोजताना नळीत गोल फिरवा, नाहीतर वायूचे बुडबुडे चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारं साधन) वापरत असाल तर अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचा आकडा थेट धरू नका, दुरुस्ती करावी लागते.

मग ही चाचणी करा. माझ्या मते जुन्या किटवाल्याने दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण ही करावी. फर्मेंटरमधून (बिअर आंबत ठेवलेल्या भांड्यातून) पावशेर बिअर स्वच्छ बाटलीत काढा, त्यात ताजं ब्रूइंग यीस्ट सढळ हाताने टाका, तोंड सैल झाका आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊबेत ठेवा. मधूनमधून हलवा. दोनेक दिवसांनी मोजा, आकडा हलायचा थांबेपर्यंत. हा नमुना १.०१० ला गेला तर तुमच्या फर्मेंटरमध्ये दहा अंशांची साखर पडून आहे आणि यीस्ट मेलंय किंवा दमलंय. नमुनाही १.०२० वरच राहिला तर आकडा खरा, पाकात न आंबणारी साखर जास्त आहे. नमुना पिऊ नका, फर्मेंटरमध्ये परतही ओतू नका.

पहिलं निघालं तर कोरडं यीस्ट वरून भुरभुरवू नका. आधीच अल्कोहोल झालेल्या बिअरमध्ये ते बिचारं जागंच होत नाही. लिटरभर पाण्यात शंभरेक ग्रॅम कोरडं माल्ट (माल्टच्या पाकाची पूड) उकळून गार करा, त्यात नवं पाकीट टाका, चांगला फेस चढला की तो जोमात असतानाच फर्मेंटरमध्ये ओता. चिमूटभर यीस्टचं पोषक मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर जुनं यीस्ट उकळून घाला, मेलेलं यीस्ट जिवंताला खायला चालतं. फर्मेंटर २० ते २२ अंशांवर आणा. ढवळायचं तर हलकेच घुसळा, हवा आत घेऊ नका. या टप्प्यावर हवा लागली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि मग तो जात नाही. त्यानंतर तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे येईपर्यंत, आणि ते चाचणीच्या आकड्याच्या जवळ असेपर्यंत, बाटल्यांना हात लावू नका.

काहीजण सांगतील की थेट प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरा, फुटत नाहीत. फुटतात, फक्त काचा उडत नाहीत. पण प्रत्येक घाण्यात एक सोड्याची प्लॅस्टिकची बाटली भरायची सवय मला आवडते. ती दगडासारखी कडक झाली की बाकीच्या काचेच्या ताबडतोब फ्रीजमध्ये.

पुढच्या जुन्या डब्याबद्दल विचारलंत म्हणून: यीस्ट नवं घ्या, २३ लिटरला ११ ग्रॅमचं पाकीट. साध्या साखरेऐवजी कोरडं माल्ट घाला. फिकट बिअरचा हट्ट सोडा, पाक काळवंडलेलाच असतो, त्यात थोडं भाजलेलं माल्ट भिजवून सरळ गडद बिअर करा, दोष झाकला जातो. सोबत हॉप्सचं जुनं पाकीट असेल तर उघडून वास घ्या. चीजसारखा किंवा पायमोज्यासारखा वास आला तर टाकून द्या, नवे हॉप्स थोडे उकळून घाला.

चाचणीचा आकडा आला की इथे लिहा, सोबत खोलीचं तापमान आणि साखर किती घातली होती तेही. त्याशिवाय प्रायमिंगला किती साखर घ्यायची ते मी सांगणार नाही.