तोगाकुशीला चपला कुठे काढायच्या?

प्रश्न: नोव्हेंबरच्या सुरुवातीला आईबाबांना घेऊन जपानला चाललोय, नागानोजवळचं तोगाकुशी देवस्थान बघायचंय. आईचे गुडघे दुखतात, झेपेल का? आणि चपला कुठे काढायच्या?

उत्तर: चपला काढायच्याच नाहीत, बाहेरून दर्शन घेताना बूट चालतात, आपल्याला जरा कसंतरीच वाटतं पण असूदे. तोगाकुशी म्हणजे एक देऊळ नाही, डोंगराच्या पायथ्याशी पाच आहेत, त्यातल्या चुशाजवळ नागानो स्टेशनवरून बस तासाभरात पोचते. पाचातल्याच ओकुशा देवळाला मात्र २ किलोमीटर चालायचंच, गाडी जात नाही. अर्धा रस्ता सपाट, मग गवताने शाकारलेला लाल दरवाजा, आणि त्याच्यापुढे सुमारे ४०० वर्षांची देवदारासारखी सुगी झाडं दोन्ही बाजूंनी, मान वर करून बघत राहावं असं. आईंना तिथपर्यंत न्याच, शेवटच्या दगडी पायऱ्या चढाच्या आहेत त्या तुम्ही चढा. दर्शनाआधी पहिला डावा हात धुवायचा, मग उजवा, मग चूळ. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं.

शाकाहारी असाल तर तिथला प्रसिद्ध सोबा खाताना विचारा, नूडल्स कुट्टूच्या असल्या तरी सोबतच्या सारात बहुतेक मासा असतोच.