साताऱ्यात घरच्या टाकीत गप्पी, मॉली हे मासे ठेवलेत. आरओचं स्वच्छ पाणी घालूनही मॉली थरथरतात आणि पिल्लं दिसेनाशी होतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की टाकी दोन फुटी आहे, दोन आठवड्यांपूर्वी लावली, गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल सगळे एकत्र सोडले, आणि आता मॉली पंख मिटून जागच्या जागी डोलतात, पोहतात पण पुढे सरकत नाहीत. तुमचा संशय रोगावर आहे, म्हणून दुकानातून निळं औषध आणायचं म्हणताय. माझा संशय पाण्यावर आहे. औषध थांबवा, आधी पाणी बघू.

हे चारही मासे अंडी न घालता थेट पिल्लं देणारे. मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचे. यांना जड पाणी लागतं, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेलं, पीएच सातच्या वरचं. मॉली तर समुद्रालगतच्या मचूळ पाण्यातही राहते. आरओ नेमके हेच क्षार काढून टाकतो. माणसाला गोड लागणाऱ्या त्या पाण्यात माशाला अंगातले क्षार टिकवून ठेवायला रात्रंदिवस झगडावं लागतं, आणि मॉली चौघांत सगळ्यात आधी हार मानते. ती थरथर बहुतेक वेळा त्याचीच खूण असते. रोगाचे पांढरे ठिपके किंवा कुजलेले पंख दिसत नसतील तर औषधाने उलट ताण वाढेल.

साताऱ्यात यात एक गंमत आहे. कास तलावाचं पाणी नळाला येत असेल तर तेही हलकंच, कारण ते जांभ्याच्या पठारावर साठलेलं पावसाचं पाणी. त्यामुळे आरओ बंद करून नुसता नळ लावला तरी मॉलीचं समाधान होईलच असं नाही. बोअरचं पाणी मात्र आपल्याकडच्या काळ्या खडकातून झिरपून येतं, त्यात क्षार भरपूर. ज्या पाण्याने गिझरवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो आणि घरातले वैतागतात, ते या माशांना मानवतं. मी स्वतः बोअरचंच वापरतो. सोसायटीत बोअर असेल तर तेच घ्या. आरओच्या सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र असतं, त्या माणसाला टाकीचं, नळाचं आणि बोअरचं पाणी मोजून द्यायला सांगा. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, पण तिन्हींतला फरक लगेच कळेल. सांगलीकडे कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात राहणाऱ्यांनी मात्र न मोजता बोअरचं पाणी घालू नये, तिथे ते अति खारं असू शकतं.

बदल एकदम करू नका. दोन-तीन दिवसांआड पाव टाकी पाणी काढून तेवढंच बोअरचं घाला. बोअर नसेल तर प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरपाशी ठेवा, तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो. खडेमीठ टाका असा सल्ला तुम्हाला मिळेलच. मिठाने खारटपणा वाढतो, कॅल्शियम वाढत नाही, आणि टाकीतल्या वनस्पती मरतात. नळाचं पाणी घेतलंत तर ते बादलीत दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घाला.

दुसरी गोष्ट अमोनियाची, तो माशांना विषारी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमची टाकी अजून त्या मुदतीच्या आत आहे. तोवर दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं द्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मॉलीला आठवड्यातून दोनदा उकडलेला पालक द्या, तिला शेवाळ-पाला लागतो. थंडीत आपल्याकडे रात्री पाणी फार गार होतं, हीटर लावून २५ अंशांच्या आसपास ठेवा.

पिल्लं दिसेनाशी होतात कारण मोठे मासे, आईसुद्धा, ती खातात. जावा मॉस किंवा हायड्रिला अशी पाणवनस्पती दाट लावा, थोडी आपोआप वाचतील. सगळी वाचवायचा हट्ट मात्र खरंच धरू नका. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी विते आणि नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर काढून घेतल्यावरही पिल्लं येत राहतात. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीला दमवून मारतात. आणि स्वोर्डटेल शक्य असेल तर दुसऱ्या मोठ्या टाकीला द्या. तो मोठा होतो, उडी मारतो, शिवाय प्लॅटीशी त्याचा संकर होतो. काळ्या ठिपक्यांच्या काही प्लॅटींशी झालेल्या संकरात पिल्लांना कर्करोगाच्या गाठी येतात. हे १९२० च्या दशकापासून माहीत आहे आणि त्वचेच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी हेच मासे वापरले गेले.

पिल्लं जास्त झाली की दुकानदाराला किंवा मित्रांना द्या. कास तलावात, कृष्णेत, ओढ्यात सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आरोग्य खातं डासांसाठी टाक्या-विहिरींत गप्पी सोडतं, म्हणून आपणही सोडले तर काय बिघडलं, असं लोक विचारतात. तळ्यात गेलेला परका मासा पुन्हा बाहेर काढता येत नाही, आणि तिथल्या स्थानिक माशांचं खाणं तो वाटून घेतो. ते मासे दुसरीकडे कुठे जाणार?

आज रात्रीपुरतं: खाणं बंद, एअर पंप चालू, पहिलं पाव टाकी पाणी बदला. आठवड्याभरात मॉली डोलायची थांबली नाही तर टीडीएसचे तिन्ही आकडे इथेच लिहा, मी बघतो.