वाचक विचारतात : पणजीचं नाव कुठं सापडेल?

प्रश्न : नमस्कार, आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले ते इकडचेच झाले, आता आम्ही डोंबिवलीत. परवा मुलीला शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितला आणि पणजोबांपाशी पेनच थांबलं, पणजीचं तर नावही कुणाला सांगता येईना. वडील गेले, गावाला जमीन राहिली नाही. त्र्यंबकेश्वरला पूर्वजांच्या वह्या असतात म्हणे, तिकडेच जाऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्र्यंबकला जा, पण शेवटी जा. तिथल्या उपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात हे खरंय, गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं आणि वही निघते. पण तुमच्यापैकी कुणी कधी तिथं गेलंच नसेल तर नाव कुठून असणार? आणि मुंबईत आल्यावर गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव घेतलं असेल तर आधी भावकीचं मूळ आडनाव माहीत पाहिजे, नाहीतर हात हलवत परत.

म्हणून पहिल्यांदा घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा. बहुतेक घरात ती आत्या असते. नुसतं ‘पणजीचं नाव काय’ विचारलं तर ती ‘आता काय आठवतंय बाबा’ म्हणणार. म्हाळाला कुणाकुणाच्या नावानं पान वाढायचे ते विचारा, भावकीत कुणाशी बोलणं बंद होतं ते विचारा, भांडणं बरोब्बर आठवतात. फोनवर रेकॉर्ड करा, तिला सांगून.

मग कागद. जमीन आज नाही पण एकेकाळी होती ना? तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, असतात, काही जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ साइटवर पण आहेत, तिथं आधी बघा, फेरी वाचेल. त्यातली वारसनोंद म्हणजे सोनं, माणूस वारला की मागं कोण कोण राहिलं ते सगळं एका जागी. जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर म्हणजे कोतवाल बुक, त्यात बापाचं नाव मिळतं पण बाळाच्या जागी बऱ्याचदा नुसतं ‘मुलगा’ नाहीतर ‘मुलगी’, त्यामुळे नक्की आपले आजोबा कुठले ते जन्मसालावरून लावायचं. साल शक असेल तर त्यात ७८ मिळवा, शके १८२५ म्हणजे १९०३. आजोबा गावच्या शाळेत गेले असतील तर तिथलं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, पण बघा. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी हीच रजिस्टरं लोकांनी उलटीपालटी केलीयत, त्यामुळे कुठलं कपाट कुठं आहे ते आता ऑफिसात माहीत असतं, हा एक फायदाच.

बायकांची नावं मात्र शोधावी लागतात. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारसात यायला लागली आणि लगेच पाठोपाठ हक्कसोडपत्रंही आली. आमच्याकडच्या एका हक्कसोडपत्रावर चार आत्या ओळीनं आहेत, प्रत्येकीच्या नावापुढे ‘नि.डा.हा.अं.’ म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि शेजारी निळा ठसा. त्यातल्या दोघींची नावं घरात कुणाला माहीतच नव्हती, जमीन सोडली म्हणून कागदावर राहिल्या. आणि लग्नात नाव बदललेलं असतं हे विसरू नका, माझी आजी माहेरी ठकू आणि सासरी लक्ष्मी, मी दोन वर्षं दोन वेगळ्या बायका शोधत होतो.

तुमच्या भागात हेळवी येतात का तेही गावात विचारा. कर्नाटकाकडून येतात, सुगी झाली की बैल घेऊन, त्यांच्या वहीत घराण्याची वंशावळ असते आणि ती ते वाचून दाखवतात. त्यांची गावं आणि घरं वाटून दिलेली असतात, त्यामुळे तुमच्या भावकीचा हेळवी कोण ते गावातलंच कुणीतरी सांगेल. धान्य, पैसे जे काय रीतीचं असेल ते द्यायचं.

कुठं मोडी कागद सापडला तर फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला पाठवा, मूळ कागद सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आमच्या काकांनी मोठ्या प्रेमानं केलंय, आता कागद पुढे धरला की आधी डोक्यावरची ट्यूबलाइट दिसते.