चावी बंद केली तरी बोटीचं इंजिन थांबत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: मालवणात प्रवासी बोट, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. पंधरा दिवसांपासून चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. मग तुम्ही टाकीचा कॉक बंद करता आणि पाच-सात मिनिटांनी ते गुदमरून थांबतं.

मी वीस-बावीस वर्षं रत्नागिरीत, मिरकरवाड्याला मच्छीमार बोटींची इंजिनं खोलतोय. आधी एक सांगतो, कॉक बंद करून थांबवणं आजपासून सोडा. दर वेळी लाइन हवा धरते, सकाळी एअर काढत बसावं लागतं. शिवाय इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप रोटरी जातीचा असेल तर त्याला वंगण डिझेलचंच असतं. तो रोज कोरडा फिरला तर दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटीने वाढेल. बॅटरीचा मेन स्विच तर चालू इंजिनावर कधीच पाडू नका. त्याने इंजिन थांबत नाही, अल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) मात्र उडतात.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबली गेली की इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे डिझेल मिळतंय तोवर ते चालणारच. चावीचं काम एवढंच, की पंपातून जाणारं डिझेल तोडायचं. ते तुटत नसेल तर का, हेच शोधायचं आहे.

इंजिन न्यूट्रलमध्ये, स्लोवर ठेवा. पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने शेवटपर्यंत ढकला. इंजिन लगेच थांबलं तर पंप ठीक आहे. दोष वायर, केबल किंवा सोलेनॉइडमध्ये, म्हणजे डिझेल तोडणाऱ्या विजेच्या खटक्यात आहे. केबल असेल तर बहुतेक वेळा ती कव्हरच्या आत मधोमध गंजलेली असते. वरून मूठ पूर्ण ओढली जाते, पण खाली लिव्हर अर्ध्यावरच थांबतो. ती तेल घालून चालवत बसू नका, बदला.

सोलेनॉइड असेल तर तो कुठल्या जातीचा आहे ते आधी पाहा. काहींना वीज मिळाल्यावर इंजिन थांबतं. त्यांचं टर्मिनल खाऱ्या हवेने हिरवं पडलं, बॅटरी उतरली किंवा अर्थ सैल झाला की इंजिन थांबत नाही. पॉलिश पेपरने तांबं लखलखेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. निम्म्याहून जास्त तक्रारी मी एवढ्यावरच मिटवल्या आहेत.

दुसऱ्या जातीला वीज असेपर्यंत डिझेल सुरू आणि वीज गेली की बंद. तिथे टेस्ट लॅम्प लावा. चावी बंद केल्यावरही दिवा मंद पेटत राहिला तर वीज कुठून तरी उलटी येतेय. बऱ्याचदा ती अल्टरनेटरकडून, चार्जिंगच्या दिव्याच्या वायरमधून येते आणि सोलेनॉइडला धरून ठेवते. त्या वायरीत डायोड घातला की प्रश्न सुटतो. पंधरा दिवसांपूर्वी बोटीच्या वायरिंगला कुणी हात लावला होता का, ते आठवा.

दिवा विझतो, पण इंजिन स्लोच्याही खाली, अडखळत चालत राहतं, असं असेल तर सोलेनॉइडचा प्लंजर, म्हणजे आतला सरकणारा दांडा, नीट बसत नाहीये. तो खोला. टोकाला छोटं रबर असतं. ते झिजलंय का, खाली कचरा अडकलाय का पाहा. खोलताना स्प्रिंग हातातून निसटून बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी जाते, खाली फडकं पसरून ठेवा.

लिव्हर हाताने शेवटपर्यंत ढकलूनही इंजिन चालूच राहिलं तर मात्र तिथेच थांबा. एक शक्यता, पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा दांडा, अडकलाय. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवली आणि डिझेलमध्ये पाणी राहिलं की हे होतं. तो पंप काढून टेस्ट बेंचवरच गेला पाहिजे. अडकलेल्या रॅकवर पुन्हा स्टार्टर मारू नका.

दुसरी शक्यता त्याहून वाईट, इंजिन स्वतःचंच ऑइल जाळतंय. आमच्याकडे एका ट्रॉलरवर हे घडलं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं. मालक महिनाभर सांगत होता, 'इंजिन ऑइल खातच नाही, उलट थोडं वाढलंय.' एका संध्याकाळी जेटीला लागताना आवर्तनं आपोआप चढत गेली. पांढरा-निळा धूर, आणि कुणी काही केलं तरी आवाज वाढतच होता. खलाशाने टॉवेल हवेच्या तोंडावर दाबला, इंजिनाने तो क्षणात आत ओढला. शेवटी मासळीच्या क्रेटखालची फळी त्या तोंडावर दाबून धरली तेव्हा इंजिन थांबलं. आतले दोन पिस्टन गेले होते, पण सगळे धडधाकट घरी गेले.

म्हणून आजच, इंजिन थंड असताना, डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे का? डिझेलचा वास येतो का? एक थेंब जुन्या वर्तमानपत्रावर टाका. काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं लांब पसरलं तर ऑइलमध्ये डिझेल आहे. मग इंजिन सुरूच करू नका. ऑइल बदलणं पुरेसं नाही, डिझेल कुठून येतंय ते आधी सापडलं पाहिजे. टर्बो असेल तर त्याच्या सीलमधूनही ऑइल हवेच्या नळीत जातं. ती नळी काढून आत बोट फिरवा.

हवेचं तोंड झाकेल अशी जाड प्लायची फळी कापून इंजिनजवळ बांधून ठेवा. तिथे हात किंवा कापड कधीच लावायचं नाही. जवळ सीओटू सिलिंडर असेल तर त्याचा झोत त्या तोंडात सोडला तरी इंजिन थांबतं.

तुमची प्रवासी बोट आहे म्हणून सांगतो. चावीने इंजिन नक्की थांबतंय याची खात्री होईपर्यंत तिच्यावर माणसं घेऊ नका. उतरताना कुणाचा पाय घसरून माणूस बोटीच्या पाण्यातल्या पंख्याजवळ पडला तर तेव्हा पाच-सात मिनिटं मिळत नाहीत. डिपस्टिक, टेस्ट लॅम्प आणि हाताने लिव्हर ढकलणं, या तिन्हींत काय दिसलं ते लिहा. पंप रोटरी आहे की इनलाइन, तेही सांगा.