‘फादर त्याला परत घेतील का?’

वसई परिसरात कौटुंबिक समुपदेशन करताना आईवडिलांकडून एक काळजी वारंवार ऐकू येते: मुलाने हिंदू मुलीशी रजिस्टर लग्न केले, तेव्हापासून त्याची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटली, आता तो यायचे म्हणतो, पण त्याला परत घेतील का? (पुढील प्रसंगातील तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

एका आईला तर मुलाचा बाप्तिस्मा पुन्हा करावा लागेल असे वाटत होते. बाप्तिस्मा एकदाच होतो आणि मिस्साला बसायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मी तिला आधी सांगितले. अडचण लग्नाची होती. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करण्यापूर्वी बिशपांकडून सूट घ्यावी लागते. ती न घेता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली केलेले लग्न सरकारदरबारी पक्के असले, तरी कॅथलिक चर्च ते वैध मानत नाही, आणि म्हणून त्याला तूर्त कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येत नाही. मात्र ही सूट लग्नानंतरही मागता येते. सुनेने धर्म बदलावा अशी अट त्यात नाही. मुलाने आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलाबाळांना कॅथलिक संस्कार देण्यासाठी शक्य ते सारे करण्याचे वचन द्यायचे असते, आणि सुनेला त्याची पूर्ण कल्पना द्यायची असते.

पुढे मुलगा स्वतः आला, तेव्हा फादरांना काय सांगायचे ते त्याने मोबाइलमध्ये लिहून आणले होते. बहुतेक मजकूर सबबींचाच होता. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला, बापाचा पैसा उडवून घरी परतणारा मुलगाही घोकून आलेला असतो, पण ‘मला चाकरासारखे ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघण्याआधीच बाप झगा आणि अंगठी आणायला सांगतो. तेवढे त्याला वाचून दाखवले आणि फादरांची वेळ घ्यायला सांगितले. आईला बजावले की ‘इतकी वर्षे कुठे होतास’ हे विचारायचे नाही. रविवारी निघताना ‘येतोस का?’ एवढेच पुरे.

खरा तिढा निघाला तो बहिणीपाशी. ‘आईचे ऑपरेशन, बाबांचे इन्सुलिन सगळे मी पाहिले, आणि आता त्याच्यासाठी भुजिंग!’ असे ती म्हणाली. (भुजिंग म्हणजे वसईकडचा कोंबडी-पोह्यांचा खास पदार्थ.) अशा वेळी घरचे लोक मोठे मन दाखवण्याचा उपदेश करतात, जो मला अन्यायाचा वाटतो. म्हणून आधी तिचे सगळे ऐकून घ्यायला मी आईवडिलांना बसवले.

लग्नासाठीची सूट मागणारा अर्ज आता बिशपांकडे गेला आहे. मुलगा मिस्साला येतो, कम्युनियनच्या रांगेत जात नाही. बहीण त्याच्याशी बोलते, पण कामापुरतेच.